खाली दोन, वर एक

आमच्या घरात गेली सहा वर्षे एका निरपराध पदार्थावर खोटा आळ आहे. त्या पदार्थाचे नाव रोडगे. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की रोडगा म्हणजे जाडसर कणकेचा, थरावर थर देऊन वळलेला आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेला गोळा. तो फोडायचा, वर तूप सोडायचे आणि वरण-वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. हा पदार्थ आमच्या सूनबाईने 2019 सालच्या डिसेंबरपासून नातवाला वर्ज्य केला आहे. रोडगे बाधले म्हणून तो गावाकडे आजारी पडला, अशी तिची समजूत आहे. ती समजूत मी करून दिली. ती साफ खोटी आहे. खरे काय घडले ते या दिवाळीत सांगून टाकायचे मी ठरवले आहे, आणि तोंडाने सांगण्याचे धैर्य होत नाही म्हणून लिहून सांगतो आहे.

गोष्ट तंबूपासून सुरू होते. नातू तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच्या वर्गातला एक मुलगा पवनेच्या तलावाकाठी पैसे भरून तंबूत राहून आला होता. तिथे गादी होती, उशी होती, रात्री गाणी होती. नातवाने दोन दिवस जेवणाच्या ताटावर उसासे टाकले. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "अरे, पैसे भरून उघड्यावर झोपायला आपण काय परदेशातले पाहुणे आहोत? माझं लहानपण बुलढाणा जिल्ह्यात गेलं. मी नेतो तुला." हे बोलताना आमची सौ. स्वयंपाकघरातून नुसती पाहत राहिली. तिचे ते पाहणे मी पस्तीस वर्षे ओळखतो. पण त्या दिवशी मी तिकडे लक्ष दिले नाही.

मग खरेदी झाली. आमच्या लहानपणी प्रवासाचे सामान म्हणजे वडिलांचा होल्डॉल आणि कॅनव्हासची छागल. छागलीतून पाणी झिरपत असे, ते वाऱ्याने उडून जाई आणि आतले पाणी गार राही. आता दुकानात गेलो तर दुहेरी कापडाचा तंबू, वाकवल्या तरी न मोडणाऱ्या काड्या, ॲल्युमिनियमच्या खुंट्या, झोपायच्या पिशव्या आणि डोक्याला बांधायची बॅटरी! मी सगळे घेतले. शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, खाली अंथरायला फोमच्या पट्ट्या घ्या. वरचं पांघरूण एक वेळ कमी चालेल, पण त्या हव्यात." मी हसून म्हणालो, "अहो, आमची हाडं सतरंजीवर वाढलेली आहेत." त्या वाक्यावर मी शेदोनशे रुपये वाचवले. ते किती महाग पडले ते पुढे येईलच.

नातवाला लोणारला तंबू ठोकायचा होता. उल्का आदळून बसाल्टच्या खडकात पडलेले ते सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे विवर त्याने भूगोलाच्या पुस्तकात पाहिले होते. पण ते विवर 2000 सालापासून अभयारण्य आहे; तिथे मनाला येईल तिथे खुंटी ठोकता येत नाही. तेव्हा मी चिखली तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, फोन केला. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मी शिकायला म्हणून बाहेर पडलो आणि पुण्याचा झालो. तो शेतावर राहिला. फोनवर तो म्हणाला, "ये ना बापू. मी तर रोजच बाहेर झोपतो. गहू-हरभरा उभा आहे, जागलीले जावंच लागते."

जागल म्हणजे रात्री शेत राखणे. रब्बीची पिके वर आली की रानडुकरे आणि रोही (तुमच्याकडे त्याला नीलगाय म्हणतात) रात्री शेतात शिरतात आणि एका रात्रीत महिन्यांची मेहनत तुडवून जातात. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यात आजही हजारो माणसे थंडीच्या दिवसांत शेतातल्या खोपीत, माळ्यावर, बांधावर रात्र काढतात. त्यांना कोणी हौशी म्हणत नाही आणि त्यांचे फोटो कोणी काढत नाही.

निघायच्या आठवड्यातच वर्तमानपत्रांत वाघाची बातमी गाजत होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओचा पट्टा, जूनमध्ये घराबाहेर पडला आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेते, ओढे, रस्ते ओलांडत पाच महिन्यांत सुमारे 1300 किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. पुढे हिशेब झाला तेव्हा त्याची एकूण भटकंती 3000 किलोमीटरांवर गेली. लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले. मला त्या वाघाचा हेवा वाटला: एवढा प्रवास, आणि सामान म्हणजे गळ्यातला पट्टा तेवढा, तोही दुसऱ्यांनी घातलेला!

सूनबाईला मात्र हेवा वाटला नाही. "बाबा, तिथे वाघ आहे," ती म्हणाली. मी नकाशा काढून दाखवला: ज्ञानगंगा बुलढाण्याच्या पलीकडे, खामगावच्या बाजूला, दादाचे शेत चिखलीच्या दक्षिणेला. शेवटी रोज रात्री नऊ वाजता फोन, दोन स्वेटर आणि कानटोपी या अटींवर परवानगी मिळाली. सगळे घर वाघाला भीत होते. ज्याला भ्यायला हवे होते ते माझ्या मनात होते, आणि त्याचे नाव होते फाजील आत्मविश्वास.

नगर, जालना, देऊळगाव राजा असे करत आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोचलो. वहिनींनी नातवाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली. दादाने माझ्या सामानाकडे पाहिले आणि विचारले, "हे सारं एका रातीसाठी?"

शेतावर गेल्यावर जागा निवडायची वेळ आली. शेताच्या खालच्या अंगाला नाला आहे. हिवाळ्यात तो आटलेला असतो. त्याच्या काठाला सपाट, गवताळ, दृष्ट लागण्यासारखी जागा होती. मी म्हणालो, "इथेच." दादा म्हणाला, "बापू, इथं नोको. नाल्यात थंडी उतरते. वर धुऱ्यावर चाल, मुरमाची जागा आहे." मी म्हणालो, "दादा, नाला आटलेला आहे." दादा म्हणाला, "नाला आटला म्हणून थंडी थोडीच आटते!" पण त्याने आग्रह केला नाही. पाहुण्याला आणि शहाण्याला दोनदा सांगू नये, असा आमच्याकडचा रिवाज आहे.

तंबू उभा करण्यात दीड तास गेला. ती जमीन काळीभोर रेगूर. पावसाळ्यात फुगते, हिवाळ्यात आकसून भेगाळते. वरचा थर भुसभुशीत, त्यामुळे खुंटी ठोकावी तशी उपटून हातात येई. दोऱ्यांना मी निरगाठी मारल्या आणि मग दोरी सैल पडली म्हणून त्याच गाठी दातांनी सोडवत बसलो. नातू कागदावरच्या सूचना मोठ्याने वाचत होता. दादा बाजूला उभा राहून तंबाखू मळत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, हे मला जास्त लागले.

संध्याकाळी वहिनी रोडगे घेऊन आल्या. म्हणजे कणीक घेऊन आल्या आणि तिथेच गोवऱ्यांचा आर करून त्यांनी रोडगे भाजले. नातवाने चार खाल्ले. नऊ वाजता सूनबाईला फोन झाला. वहिनी घरी गेल्या. दादाने पत्र्याचा डबा आणि काठी घेतली आणि सांगितले, "मी फेरीले आलो की हाळी देईन. तू आतून बॅटरी दाखव, म्हणजे मले समजंल तुम्ही ठीक आहा."

पहिल्या फेरीला मी बॅटरी दाखवली, दुसऱ्या फेरीलाही दाखवली. तोवर बारा वाजले असतील आणि आम्ही दोघेही कुडकुडत होतो. झोपायच्या पिशव्या चांगल्या होत्या, पण थंडी वरून येतच नव्हती. ती खालून येत होती. पिशवीतला कापूस अंगाखाली दबून कागदासारखा पातळ झाला होता आणि जमीन आमच्या पाठीतली ऊब शोषून घेत होती. त्यातच तंबूच्या छतावरून थेंब पडू लागले. मला वाटले दव आत झिरपते आहे. म्हणून मी वरच्या बाजूच्या हवा जाण्याच्या दोन्ही जाळ्या टॉवेल कोंबून बंद केल्या आणि दाराची साखळी तळापर्यंत ओढली. तरी नातवाचे दात वाजायचे थांबेनात.

तेव्हा मला वाटले आपल्याला नामी युक्ती सुचली. बाहेर चुलीत बाभळीच्या लाकडांचे निखारे लाल होते. धूर मुळीच नव्हता. मी घमेल्यात निखारे भरले, घमेले दगडावर ठेवून तंबूच्या कोपऱ्यात सरकवले आणि पुन्हा साखळी ओढली. पाच मिनिटांत आत इतकी सुरेख ऊब आली, की मी स्वतःची पाठ थोपटली. नातू म्हणाला, "आबा, आता मस्त वाटतंय." हे शब्द मला आजही झोपेत ऐकू येतात.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. डोके दुखू लागले, पट्टा आवळल्यासारखे. वाटले, जागरणामुळे असेल. मग दादाची हाळी ऐकू आली, "ओ बापू!" बॅटरी उशाशी होती. मी ती उचलायचे ठरवले आणि हात उचललाच नाही. आळस आल्यासारखे वाटले. गंमत म्हणजे भीती वाटली नाही. जरा वेळाने दाखवू, असे वाटले. पुन्हा हाळी आली. मग पावले वाजली, साखळी करकरली आणि दादाने मला बखोटीला धरून बाहेर ओढले. त्याआधी त्याने नातवाला बाहेर काढले होते.

नातू जागा होईना. दादाने त्याला मोकळ्या वाऱ्यावर आडवे केले, गळ्याभोवतीची बटणे काढली आणि त्याच्या नावाने हाका मारत राहिला. मी शेजारी गुडघ्यांवर बसलो होतो आणि मला उभे राहता येत नव्हते. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. दादा म्हणतो, थोडाच. मग पोराने एक कण्हणे काढले आणि भडाभडा ओकला. त्या वासाइतका सुखाचा वास मी आयुष्यात घेतलेला नाही.

गावातल्या एकाची गाडी काढून आम्ही रात्रीच चिखलीला गेलो. डॉक्टरांनी दोघांनाही प्राणवायू लावला आणि दुपारपर्यंत ठेवून घेतले. त्यांनी समजावून सांगितले ते असे. कोळसा बंद जागेत अपुऱ्या हवेवर जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. प्राणवायू रक्तातल्या ज्या द्रव्यावर स्वार होऊन अंगभर फिरतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो आणि आतून गुदमरत जातो. मुलांचा श्वास जलद, म्हणून त्यांना आधी बाधते. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, आणि मग झोप. शेगडी, निखारे, स्टोव्ह, कंदील, काहीही पेटते बंद तंबूत किंवा बंद खोलीत घेऊन झोपू नये. हिवाळ्यात दरवर्षी कुठे ना कुठे अशी सबंध कुटुंबे झोपेतच जातात. हे मी वर्तमानपत्रात वाचलेले होते. वाचलेले आणि कळलेले यांत किती अंतर असते ते मला त्या खाटेवर पडून समजले.

सकाळी सूनबाईचा फोन आला. नातवाचा आवाज बारीक होता. "काय झालं?" तिने विचारले. माझ्या तोंडून उत्तर आपोआप निघाले: "काही नाही ग, रोडगे बाधले. चार खाल्ले त्याने. रात्री ओकला." दादा शेजारी उभा होता. त्याने ते ऐकले. वहिनी दारात डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनीही ऐकले. दोघेही काही बोलले नाहीत.

मी ताबडतोब परत निघणार होतो. पण नातू म्हणाला, "आबा, आपण घाबरून गेलो असं होईल." डॉक्टरांनी दोन दिवसांनी पुन्हा तपासले आणि हरकत नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा म्हणाला, "चाल बापू, आज मी सांगतो तसं कर." त्या दिवशी मी शिष्य झालो, आणि शिकलेले सगळे इथे देतो, कारण ते कोणाच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट जागेची. दिवस मावळल्यावर दादाने आम्हांला नाल्यातून धुऱ्यापर्यंत चालायला लावले. नाल्यात गवत ओले आणि हवा बोचरी. वीस-पंचवीस पावले चढ चढलो तोच गालाला ऊब जाणवली. थंड हवा जड असते. रात्री ती पाण्यासारखी उतरत जाते आणि खोलगट जागी साचून राहते. "धनगर मेंढ्या कुठं बसवते ते पाह्यत जाय," दादा म्हणाला. शिवाय ओढ्याच्या पात्रात झोपणे कोणत्याच ऋतूत बरे नाही. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि पाणी आपल्या अंगावर येते. वाळक्या फांदीखालीही झोपू नये. जागेला किंचित उतार असावा आणि डोके चढाकडे करावे.

दुसरी गोष्ट खुंट्यांची. मुरमात त्या घट्ट बसल्या. खुंटीचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवायचे, म्हणजे दोरी ओढली की ती अधिकच रुतते. काळ्या मातीतच मुक्काम पडला तर? दादाने दोरीला एक लांबट दगड आडवा बांधला, हातभर खड्ड्यात पुरला, वर माती तुडवली आणि मला ओढायला लावले. मी दोन्ही हातांनी ओढले, दगड ढिम्म. दोरीला सुरगाठ मारायची, जी एका झटक्यात सुटते. अंधारात, पावसात किंवा घाबरल्या वेळी निरगाठ सोडवायला दात पुरत नाहीत. सुताची आणि अंबाडीची दोरी भिजली की आखडते, म्हणून दवाच्या रात्री ती थोडी सैल सोडायची. नायलॉनची दोरी उलट, ती भिजली की लांबते. म्हणून झोपण्यापूर्वी एकदा पुन्हा ताणायची.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट अंथरुणाची. दादाने ज्वारीच्या कडब्याच्या चार पेंढ्या आणल्या, प्रत्येक पेंढी दोनदा आपटून झटकली. आत उंदीर-विंचू असेल तर पडावा म्हणून. मग जमिनीतले खडे वेचले, कमरेखाली येईल तिथे मुठीएवढी खोलगट जागा केली, वर वीतभर कडबा पसरला, त्यावर ताडपत्री, त्यावर घोंगडी. "लक्षात ठेव," तो म्हणाला. "खाली दोन, वर एक." म्हणजे दोन पांघरुणे असली तर दोन्ही अंगावर घेऊन जमिनीशी भांडू नये, आधी खालचे पाहावे. पुण्याच्या दुकानदाराने हेच सांगितले होते. कडब्यात आणि फोमच्या पट्टीत काम एकच होते: अडकलेली हवा. लोकरीच्या घोंगडीचे आणखी एक मोल असे, की ती ओलसर झाली तरी ऊब अगदी सोडत नाही. सुती कापड ओले झाले की उलट अंगातली ऊब काढून घेते. म्हणून दिवसभराच्या घामाचे कपडे, विशेषतः मोजे, झोपण्याआधी बदलायचे.

चौथी गोष्ट हवेची. छतावरून पडणारे थेंब दवाचे नव्हते. आमच्याच श्वासाचे होते. झोपलेला माणूस रात्रभरात पेलाभर पाणी श्वासावाटे बाहेर टाकतो. ते गार कापडाला लागून थेंब होते. मी जाळ्या बंद केल्या तेव्हा थेंब वाढले, ते यामुळे. दादाने दोन्ही जाळ्या उघडल्या, वाऱ्याच्या उलट बाजूचे दार वीतभर उघडे ठेवले आणि म्हणाला, "हवेले वाट ठेव. थंडीले आडोसा पाह्यजे, डब्बा नाही." त्याच्या खोपीकडे मी तेव्हा नीट पाहिले. वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांची घट्ट भिंत, समोर मोकळे. शेकोटी बाहेर.

चूल तंबूपासून दहा-बारा पावले दूर, वारा तंबूकडून चुलीकडे जाईल अशी. पऱ्हाट्या आणि तुराट्या भडकन पेटतात, त्यांनी पाणी उकळते. गोवऱ्या सावकाश जळतात, त्यांवर रोडगे होतात. निजताना पाणी ओतून, राख ढवळून, वर पुन्हा पाणी ओतायचे आणि हाताच्या मागल्या बाजूने जवळून अंदाज घ्यायचा. चुलीवरचे गरम पाणी बाटलीत भरून, फडक्यात गुंडाळून पायाशी घ्यायचे. शेगडीची हौस अशी भागवावी. निजण्याआधी गूळ-शेंगदाणे खायचे; पोटात सरपण असले की अंग गरम राहते. आणि कितीही कंटाळा आला तरी झोपण्याआधी एकदा बाहेर जाऊन यायचे.

बुटांचे शेवटी. दादाने नातवाचे बूट दोन काटक्यांवर उलटे टांगले आणि सकाळी झटकून घालायला सांगितले. विंचवाला बूट फार आवडतो. मी नातवाला सांगितले, की 1953 साली एव्हरेस्टवर शेवटच्या छावणीत हिलरीचे बूट रात्री गोठून लाकडासारखे झाले होते आणि सकाळी स्टोव्हवर धरून ते मऊ करायला त्याचे दोन तास गेले. नातू म्हणाला, "म्हणजे मोठे आबा तिथे असते, तर त्यांनी बूट आत घ्यायला सांगितलं असतं." दादा पहिल्यांदा मोठ्याने हसला.

त्या रात्री आम्ही इतके गाढ झोपलो, की दादाच्या हाळीला उत्तर द्यायला मला खरोखर लाज वाटली. पण प्रत्येक वेळी बॅटरी दाखवली. पहाटे एकदा बाहेर आलो. चांदण्या अगदी हाताशी आल्या होत्या. लांबवर दादाचा डबा वाजत होता आणि एक रोही गव्हातून टापा वाजवत पळत होते. मी सामानाचे पाच-सहा हजार रुपये खर्च करून जे मिळवायला आलो होतो, ते हा माणूस चाळीस वर्षे रोज, कोणी न विचारता, करत होता. आणि मी त्याला मनातल्या मनात नेहमी मागे राहिलेला समजत आलो होतो.

निघताना वहिनींनी रोडग्यांचा डबा दिला. मी तो घेतला. बोलायला हवे ते बोललो नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "पोराले देऊ नका भाऊजी, बाधतात त्याले." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य सहा वर्षे टोचते आहे. पुढे दोनदा त्या पुण्याला आल्या; दोन्ही वेळा त्यांनी नातवासाठी वेगळ्या पोळ्या लाटल्या.

आता तो कॉलेजात आहे. दिवाळीनंतर मित्रांबरोबर तंबू घेऊन तो सह्याद्रीत चालला आहे. परवा माळ्यावरून जुना तंबू काढताना त्याने वरच्या जाळ्या उघडून पाहिल्या आणि सहज म्हणाला, "आबा, तो टॉवेल आठवतो?" मी चपापलो. "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "डॉक्टर माझ्यासमोरच बोलले होते. पण तुम्ही आईला रोडगे सांगितलंत, म्हणून मी पण रोडगेच सांगितलं. तुम्हांला बोलणी बसली असती." बारा वर्षांच्या पोराने माझा खोटेपणा सहा वर्षे स्वतःच्या खांद्यावर वाहिला होता. सामानात सगळ्यांत जड वस्तू कोणती होती ते मला तेव्हा कळले.

म्हणून सूनबाई, हे तुझ्यासाठी. रोडगे निर्दोष आहेत. दोष माझा होता, आणि त्यातून आपला मुलगा वाचला तो तुझ्या थोरल्या सासऱ्यांच्या तिसऱ्या हाळीमुळे. हा अंक हाती पडेल त्या दिवशी मी चिखलीला फोन लावणार आहे. आधी वहिनींशी बोलेन, मग दादाशी. नातवाच्या पिशवीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर दोनच ओळी आहेत: खाली दोन, वर एक. हवेला वाट ठेव.

सौ.ने हे सगळे वाचून काढले आणि पुन्हा तेच पाहणे पाहिली. मग म्हणाली, "रोडग्यांना गोवऱ्या लागतील. पुण्यात मिळतात का, ते बघून या."